आपल्याआधी निघालेल्यांच्या वाटेवर: अलिबाग ते तंजावर

जर्मनीत श्टुटगार्टला मला नोकरी मिळाली आणि मी, माझे पती व आमची नऊ वर्षांची मुलगी असे तिघे कायमचे तिकडे जाणार हे ठरले, त्यानंतरचे काही महिने कागदपत्रांतच गेले. व्हिसाची मुलाखत, विवाहाच्या आणि जन्माच्या नोंदींचे दाखले, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, बँकेतील बचत खात्यांचे अनिवासी खात्यांत रूपांतर, राहते घर भाड्याने देण्याचा करार अशा सगळ्या कामांत गाडीची विक्री मात्र शेवटी ठेवावी लागते, कारण बाकीची धावपळ करायला गाडी लागतेच. पासपोर्टवर व्हिसा लागून आला, विमानाची तिकिटे निघाली आणि गाडी विकण्याआधी हाताशी थोडा मोकळा वेळ उरला. तो वेळ खरेदीत आणि निरोपाच्या जेवणावळींत घालवण्याऐवजी गाडीने दक्षिणेला जाऊन यावे, असे माझ्या पतींनी सुचवले.

त्या काळात भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण आम्हाला एकच प्रश्न विचारत होता: मुलीच्या मराठीचे काय करणार? प्रश्न काळजीपोटी विचारलेला असे आणि आमच्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. घरात मराठीच बोलू, असे आम्ही सांगत असू आणि सांगता सांगताच ते अपुरे आहे हे जाणवत असे. मग एका रात्री नकाशा पाहताना माझ्या लक्षात आले की, पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे १,६०० किलोमीटर जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि तेथून वर तंजावरकडे जाणारा रस्ता घर सोडून गेलेल्या माणसांच्या वस्त्यांनी भरलेला आहे. कोणी समुद्रापलीकडून येऊन मराठी बोलू लागले, कोणी कोकणातून खाली उतरून मल्याळी मुलखात स्थिरावले, कोणी फौजेबरोबर तमिळ देशी गेले आणि राज्य बुडाल्यावरही तेथेच राहिले. या माणसांनी निघताना काय सोबत नेले, त्यातले काय टिकले आणि कशामुळे टिकले, हे पुस्तकांत वाचता येते. पण आम्हाला ते मुलीला बरोबर घेऊन, त्या त्या गावांत उभे राहून पाहायचे होते. सासूबाई मागे पुण्यातच राहणार होत्या, म्हणून त्यांनाही आम्ही विचारले. "एवढ्या लांब मला बसवेल का?" असे त्या आधी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच औषधांचा डबा भरायला बसल्या.

पहिला मुक्काम आम्ही मुद्दाम अलिबागला केला. बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा असे सांगते की, त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून येत होते ते नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, आणि गावोगाव पसरताना त्यांनी पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावे घेतली. त्यांची मायबोली मराठी झाली ती इतकी पक्की की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजातील मंडळींनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून ती मंडळींसमोर उभी केली. इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे निघून गेली.

अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बाहेरून पाहून आम्ही नवगावच्या दफनभूमीत गेलो. स्मारकस्तंभाच्या आसपास माडांची सावली होती आणि समुद्र अगदी जवळ होता. तेथे भेटलेल्या एका वयस्कर गृहस्थांचे बहुतेक नातलग इस्रायलमध्ये आहेत. तिकडे गेलेली पिढी आपापसांत मराठीच बोलत राहिली, त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले, पण नातवंडांशी बोलायचे म्हणजे आता हिब्रू किंवा इंग्रजी, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परत गाडीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इथं आले तेव्हा यांनी मराठी उचलली, तिकडं गेले तेव्हा हिब्रू. पोटापाण्यापुढं कोणाचं काय चालतं?" हे त्यांनी ज्या शांतपणे म्हटले, त्यामुळे मला पुढे बराच वेळ बोलता आले नाही.

कोकणातला रस्ता अनेकांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याने कुठे उत्तम सिमेंटचा रस्ता, तर कुठे वळणमार्ग आणि धूळ, अशी स्थिती रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत आम्हाला दिसली. सिंधुदुर्गात गेल्यावर गाडी सुखाने पळू लागली. मुलीला घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी अंतराचा हव्यास धरू नये, एवढे मी अनुभवाने सांगेन. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि त्या आधारे युरोपात गेलेल्यांची घरे गावोगाव कुलूपबंद आहेत. म्हापशाच्या पुढे एका वाड्यावर चहाला थांबलो असताना अशी तीन घरे मला एकाच ओळीत दिसली. अंगणात पाचोळा साचलेला होता, पण दारासमोरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, कोणीतरी ताजी फुले वाहिली होती.

कारवारपासून पुढे कर्नाटकाचा किनारा सुरू होतो आणि रस्ता एकाएकी मोकळा होतो. या पट्ट्यात एका जागेसाठी तरी थांबावेच असे मला वाटते, आणि ती जागा म्हणजे कुंदापूरच्या अलीकडचे मरवंते. तेथे महामार्गाच्या एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी अशी दोन पाणी काही अंतर बरोबर चालतात. दक्षिणेला जाताना उजवीकडच्या खिडकीतून लाटांचा खारा वारा येत होता आणि डावीकडे नदीच्या संथ पाण्यात नारळाची झाडे उलटी दिसत होती. मुलगी मागच्या सीटवर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे सरकत राहिली. बरेच दिवस मनावर असलेले कामांचे ओझे त्या दुपारी पहिल्यांदा उतरले. मी आणि माझे पती, आम्ही दोघेही आपापल्या परीने घाबरलेले आहोत, हे आम्ही तेथे प्रथम एकमेकांना मोकळेपणाने सांगितले. तोवर सगळी बोलणी कागदपत्रे, तारखा आणि पैसे यांपुरतीच होत होती. गाडीत तासन्‌तास शेजारी बसून समोर पाहत बोलता येते, समोरासमोर बसण्यापेक्षा ते सोपे जाते, आणि अशा प्रवासाचा हा लाभ मी सगळ्यांत मोठा मानते.

मंगळूर ओलांडून केरळात शिरले की कासरगोड लागते. हा भाग राज्यांच्या पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळात आला. त्याआधी तो मद्रास राज्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होता. मल्याळम, कन्नड, तुळू, कोंकणी, ब्यारी, उर्दू आणि मराठी अशा भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. येथील कऱ्हाडे ब्राह्मणांची घरे पिढ्यान्‌पिढ्या मराठीची एक बोली बोलत आली आहेत. माझ्या जुन्या कार्यालयातील एका मैत्रिणीचे माहेर याच भागातले, त्यामुळे आम्हाला तिच्या आईवडिलांकडे उतरण्याचे अगत्याचे निमंत्रण होते.

जांभ्या दगडाचे घर, त्याच्या तिन्ही बाजूंना सुपारीची बाग आणि मागे टेकडी. त्या टेकडीत खणलेले सुरंग पाहणे हा माझ्या मुलीच्या दृष्टीने साऱ्या प्रवासाचा कळस होता. या भागात पाण्यासाठी विहिरीप्रमाणे खाली न खणता जांभ्याच्या टेकडीत आडवे बोगदे खणतात. एका माणसाला जेमतेम वाकून जाता येईल एवढेच तोंड असते, आणि टेकडीत मुरलेले पावसाचे पाणी आतल्या भिंतींतून झिरपून, पंपाशिवाय, आपल्या उताराने बाहेरच्या हौदात येऊन पडते. मैत्रिणीच्या वडिलांनी टॉर्च घेऊन मुलीला आत काही पावले नेले. आत हवा गार होती, पायाखाली घोट्यापर्यंत पाणी होते आणि भिंतींवर कुदळीचे घाव अजून स्पष्ट दिसत होते. हे सुरंग त्यांच्या आजोबांनी खणवून घेतले होते. "आत किती लांब जातं, आजोबा?" असे मुलीने विचारले, तेव्हा त्यांनी तिला शांतपणे सगळे समजावून सांगितले, आणि ते दोघे एकमेकांशी मराठीत बोलत आहेत ही गोष्ट माझ्या उशिराने लक्षात आली.

त्यांचे मराठी आमच्यासारखे नव्हते. हेल निराळा होता, काही क्रियापदे आमच्या कानाला अनोळखी होती, अधूनमधून कन्नड शब्द येत होते. सासूबाई आणि घरातल्या काकू मात्र स्वयंपाकघरात तासाभरात एकमेकींच्या झाल्या. काकूंना कन्नड आणि मल्याळम लिहिता-वाचता येते, मराठी मात्र फक्त बोलता येते. घरातली व्रतांची माहितीसुद्धा त्यांनी कन्नड लिपीत लिहून ठेवली आहे. सासूबाईंनी त्यांना विचारले, "मग तुमच्या सुनेला येतं का हे बोलायला?" त्यावर काकू म्हणाल्या की, मोठी सून याच समाजातली असल्याने तिला येते, धाकटी बंगळूरची आहे, ती समजून घेते पण उत्तर कन्नडमध्ये देते, आणि तिच्या मुलांना समजतही नाही. एका घरात, एकाच पिढीत, दोन भावांच्या घरी दोन निकाल लागलेले होते. कोणी भाषेवर कमी प्रेम केले म्हणून तसे झाले नव्हते. मोठ्या भावाच्या घरी शेती, देवकार्य आणि नातेवाईक हे सगळे त्या बोलीतच चालत होते. धाकट्याच्या घरी त्या बोलीत करण्यासारखे कोणतेही काम उरले नव्हते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे अर्धे मिळाले, असे मी म्हणेन.

कासरगोडपासून खाली मलबारचा किनारा आणि तिथे महामार्गाचे सहापदरीकरण सुरू असल्याने आमचा प्रवास मंद झाला. माहे हे पुद्दुचेरी केंद्रशासित प्रदेशाचे लहानसे गाव समुद्राची बाजू सोडून बाकी सगळीकडून केरळने वेढलेले आहे आणि जुन्या फ्रेंच अमलाच्या खुणा अजून बाळगून आहे. त्याच्या पुढे कोळिकोड, मलप्पुरम या भागांत रस्त्याकडेला मोठमोठी, रंगवलेली, रिकामी घरे दिसत राहतात. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला तेव्हापासून येथली माणसे आखाती देशांत जात आली आहेत. ती परत येण्यासाठी जातात, कारण तेथे त्यांना नागरिकत्व मिळत नाही, म्हणून गावाकडचे घर हेच त्यांचे खरे घर राहते. आमचे तसे नव्हते. आम्ही परत येण्याच्या बोलीवर जात नव्हतो, आणि हा फरक मी त्या घरांकडे पाहताना स्वतःशी प्रथमच स्पष्टपणे मान्य केला.

कोचीला मट्टांचेरीत आम्ही दोन दिवस राहिलो. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ मध्ये बांधलेले आहे. आतल्या जमिनीवर अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत आणि त्यांवरून अनवाणीच चालावे लागते. कोचीचे ज्यूही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इस्रायलला गेले, आणि आज त्या आळीत दुकाने आहेत, प्रवासी आहेत, ज्यू मात्र जवळजवळ उरलेलेच नाहीत. मंदिर, मशीद, सिनेगॉग यांच्या वास्तू टिकवता येतात, त्यांत येणारी माणसे टिकवता येत नाहीत, हे तेथे दिसले.

त्याच मट्टांचेरीत चार पावलांवर मात्र उलट चित्र आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेले गौड सारस्वत सोळाव्या शतकात येथे येऊन वसले आणि त्यांचे तिरुमल देवस्थान आजही गजबजलेले आहे. देवळाबाहेर जाईचे गजरे विकणाऱ्या बायकांचे भांडण कोंकणीत चालले होते आणि ते सासूबाईंना पुरते कळले. या समाजाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डच अधिकारी हेंड्रिक फान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याला माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचे निवेदन ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. गोव्याहून निघून कोचीत पोहोचलेल्या कुटुंबांच्या वैद्यांचे शब्द सतराव्या शतकात युरोपात नागरी अक्षरांत छापून निघाले, ते त्यांच्या हाती असलेल्या विद्येमुळे. वनौषधींची ओळख त्यांच्या भाषेतच होती, आणि ती दुसऱ्या कोणाकडून मिळण्यासारखी नव्हती.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोरच्या चौकात आम्ही मुलीला सर टी. माधवराव यांचा पुतळा दाखवला. कुंभकोणमला तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेला हा माणूस १८५७ ते १८७२ त्रावणकोरचा दिवाण होता, पुढे बडोद्याचाही झाला. कन्याकुमारीला गर्दी फार होती. विवेकानंद शिला स्मारक उभे करण्यासाठी एकनाथजी रानडे यांनी केलेले कष्ट मला ठाऊक होते, म्हणून बोटीच्या रांगेत उभे राहणे मी आनंदाने पत्करले. सासूबाई मात्र किनाऱ्यावरच थांबल्या आणि त्यांनी तेथून हात जोडले. त्या संध्याकाळी मुलगी पहिल्यांदा रडली. रस्ता संपला म्हणजे आता जायचे, असा तिचा समज झाला होता. आजीने तिला जवळ घेतले आणि अजून तंजावर राहिले आहे असे सांगून समजावले.

मदुरै आणि तिरुच्चिरापळ्ळीमार्गे आम्ही तंजावरला पोहोचलो. शिवाजी महाराजांचे धाकटे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापले, आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारल्यावर इंग्रजांनी ते खालसा केले. मधल्या काळात दुसरे शहाजीराजे यांच्यासारख्या राजांनी येथे मराठी नाटके लिहिली, आणि दुसरे सरफोजीराजे यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरीचा छापखानाही चालवला. बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केले. त्याच्या आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतलेला आहे.

तो शिलालेख वाचण्यासाठी मान वर करून हळूहळू सरकावे लागते. दगड एकामागून एक लागत जातात, ओळी संपत नाहीत, आणि शब्दांमध्ये आपल्या सवयीची मोकळी जागा नाही. मुलगी एका दगडासमोर उभी राहून एकेक अक्षर लावू लागली. भोवतालच्या शेकडो माणसांत त्या घटकेला ते वाचू पाहणारी ती एकटीच होती. 'राजे' हा शब्द तिला सापडला तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली की, शेजारून चाललेले एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि "कोठून आलात?" असे त्यांनी आम्हाला मराठीत विचारले.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले ते गृहस्थ तंजावरचेच. त्यांच्याशी झालेले तासाभराचे बोलणे हा या प्रवासाचा गाभा होता असे मी मानते. त्यांच्या बोलण्यावर तमिळची दाट छाया होती, वाक्ये लहान होती, आणि मधूनच एखादा असा जुना शब्द येई की तो मी केवळ बखरीत वाचलेला होता. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. ज्या भिंतीसमोर आम्ही उभे होतो तिच्याजवळून ते लहानपणापासून जात आले आहेत, तिच्यावर आपल्या भाषेतले काहीतरी लिहिलेले आहे हे त्यांना ठाऊक आहे, परंतु काय लिहिले आहे हे माझ्या मुलीने अडखळत वाचले तेव्हा त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. त्यांच्या घरी आई होती तोवर सगळे मराठीत चाले. लग्ने आपल्यातच होत, त्यामुळे येणारी सून ती भाषा घेऊनच येई. लोणची, सणवार, मुलांना रागावणे आणि नवरा-बायकोचे वाद हे सगळे मराठीत. आता मुले चेन्नईत आणि अमेरिकेत आहेत, सुना तमिळ आहेत, आणि ते स्वतः पत्नीशी तेवढे मराठीत बोलतात. आयुष्यात एकदा ते मोठ्या उत्साहाने पुण्याला आले होते, पण त्यांनी मराठीत विचारले की दुकानदार हिंदीत उत्तर देत, कारण त्यांचे मराठी त्यांना मराठी वाटत नसे. ही गोष्ट ऐकून मला मनापासून वाईट वाटले. साडेतीनशे वर्षे जपलेली गोष्ट घेऊन माणूस माहेरी येतो आणि माहेर त्याला ओळखत नाही, हे आपल्या हातून होऊ नये.

दरबार गेला, छापखाना गेला, नाटके पोथ्यांत राहिली, भिंतीवरचा लेख वाचणारे राहिले नाहीत. आणि तरीही घराघरांत बोली टिकली, कारण तिच्याशिवाय घरची कामे होत नव्हती. कासरगोडला जे उत्तर अर्धे मिळाले होते ते येथे पुरे झाले. मुलीला मराठीची आठवण किंवा अभिमान देऊन भागणार नव्हते. मराठीशिवाय अडेल असे एखादे काम तिच्याकडे द्यायला हवे होते.

परतीच्या वाटेवर बंगळूर ओलांडून चित्रदुर्गाच्या पुढे आम्ही मुख्य रस्ता सोडून होदिगेरेला गेलो. दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यातल्या या लहानशा गावात शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा येथे अंत झाला. मोठा मुलगा सह्याद्रीत, धाकटा दक्षिणेत आणि वडील दोघांच्या मध्ये कुठेतरी. सासूबाई समाधीजवळ बराच वेळ बसून राहिल्या. नंतर गाडीकडे येताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जा. माझी काळजी करत तिथं राहू नका. पण मला काहीतरी काम देऊन जा." त्यांच्याही मनात तेच घोळत होते, हे मला तेव्हा कळले.

पुण्याला आल्यावर गाडीची विक्री लवकर झाली. मालकी बदलण्यासाठीचे २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज सह्या करून दिले, फास्टॅगचे खाते बंद केले, आणि परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घेतला. जर्मनीत स्थायिक झाल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो आणि पुढे तेथली लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, तेव्हा ज्यांना तिकडे लगेच गाडी चालवावी लागणार आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. प्रवासाचा क्रमही मी असाच सुचवेन: व्हिसा हातात पडल्यानंतर आणि गाडी विकण्याआधी. व्हिसा यायचा असताना निघाले तर लक्ष सारखे फोनकडे राहते.

मुलीच्या कामाचे असे ठरले. आमच्या घराचे भाडे सासूबाई घेतील, त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, वीज आणि दुरुस्त्या भागवतील, आणि दर रविवारी फोनवरून मुलीला त्याचा हिशेब सांगतील. तो मराठीत वहीत लिहून ठेवण्याचे काम तिचे. आम्ही दोघे त्यात हात घालणार नाही, आणि पैशांबद्दल काही विचारायचे झाले तर तिची वहीच पाहू. दुसरी वही सासूबाईंनी स्वतः लिहून दिली. तिच्यात रोजच्या स्वयंपाकाच्या कृती आहेत, आणि तिकडे स्वयंपाक माझे पती करणार असल्याने त्या त्यांना मोठ्याने वाचून दाखवणे हेही मुलीचेच काम आहे.

हिशेबाची पहिली नोंद आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यातच झाली, कारण भाडेकरूंनी अनामत रक्कम आणून दिली होती. मुलगी पेन्सिलने लिहायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, पेन दिले, आणि रक्कम आधी अंकांत व मग अक्षरांत, अशी दोनदा लिहायला लावली.